गार्दोकी आणि जॉन जे यांची पत्रं कशी वाचावीत: नवख्यांसाठी वाटाड्या

अमेरिकेच्या अगदी सुरुवातीच्या काळातला परराष्ट्रीय पत्रव्यवहार आज घरबसल्या आणि फुकट वाचता येतो. अडचण कागद मिळण्याची नाही, मिळालेला कागद उलगडण्याची आहे. हौसेने एखादं पत्र उघडावं, दोन पानं मान-सन्मान, स्नेह, राजेसाहेबांची कृपा असं वाचत ‘आपला आज्ञाधारक नम्र सेवक’ इथवर पोचावं आणि मग प्रश्न पडावा, की यात घडलं काय? बहुतेक जण इथेच कंटाळून पुन्हा तयार इतिहासाच्या पुस्तकाकडे वळतात.

हे टाळायचं तर सगळा पसारा एकदम अंगावर घेऊ नका. एकच जोडी धरा. माझ्या मते त्यासाठी सगळ्यात सोयीची जोडी म्हणजे १७८५ ते १७८९ या काळात न्यूयॉर्कमध्ये राहिलेले स्पेनचे दूत दिएगो दे गार्दोकी आणि त्यांच्यासमोर बसलेले अमेरिकेचे परराष्ट्र सचिव जॉन जे. कालखंड आटोपशीर आहे, पात्रं मोजकी आहेत आणि भांडण मुख्यतः एकाच गोष्टीवरून आहे: मिसिसिपी नदी. गार्दोकींना इंग्रजी चांगलं येत असल्यामुळे भाषेचा अडसरही कमी. शिवाय या वाटाघाटींतून करार झालाच नाही. फसलेल्या वाटाघाटींचे कागद शिकायला जास्त चांगले, कारण त्यात कोण कुठे अडलं ते उघडं राहतं.

पहिली पायरी: पत्र बाजूला ठेवा, नकाशा घ्या

१७८३च्या पॅरिस तहात ब्रिटन आणि अमेरिकेने आपसात ठरवलं की मिसिसिपी उगमापासून समुद्रापर्यंत दोघांनाही खुली राहील. ठरवलं खरं, पण नदीच्या मुखाजवळचे दोन्ही काठ स्पेनच्या ताब्यात होते. पश्चिमेला लुइझियाना, मुखाशी न्यू ऑर्लिन्स, पूर्वेला फ्लोरिडा. ज्याच्या अंगणातून वाट जाते त्याला न विचारता शेजाऱ्यांनी वाट वाटून घेतली होती. स्पेनने १७८४ मध्ये नदीचा खालचा भाग अमेरिकी नावांना बंद करून टाकला.

दुसरा वाद सरहद्दीचा. अमेरिका म्हणत होती आपली हद्द ३१ अंश अक्षांशापर्यंत आहे, स्पेनला ती बरीच उत्तरेला हवी होती. यात एक गंमत आहे जी नवख्या वाचकाच्या नजरेतून हमखास सुटते. १७८२च्या प्राथमिक तहात ब्रिटन आणि अमेरिका यांच्यात एक गुप्त कलम होतं: पश्चिम फ्लोरिडा ब्रिटनला परत मिळाला तर हद्द ३२ अंश २८ मिनिटांवर धरायची. म्हणजे तोच पट्टा ब्रिटिशांना द्यायला अमेरिका तयार होती, स्पॅनिशांना नव्हे. स्पेनला हे कळल्यावर काय वाटलं असेल याचा अंदाज ठेवून पुढची पत्रं वाचा, म्हणजे गोड शब्दांतला कडवटपणा जाणवू लागेल.

नकाशा कुठला घ्यायचा? जॉन मिचेल यांचा १७५५चा. याच नकाशावर पॅरिसच्या वाटाघाटी झाल्या, आणि १७८२ मध्ये स्पेनचे तिथले राजदूत आरांदा यांनी जॉन जे यांच्यासमोर तांबडी रेघ ओढून आपली हद्द दाखवली ती याच नकाशावर. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर तो मोठा करून पाहता येतो. केंटकीचा शेतकरी आपलं धान्य आणि तंबाखू डोंगर ओलांडून पूर्वेला का नेऊ शकत नव्हता, हे त्या नकाशावर अर्धा तास घालवला की आपोआप समजतं.

दुसरी पायरी: माणसं ओळखा

गार्दोकी हे दरबारी सरदार नव्हते. बिल्बाओच्या एका व्यापारी पेढीचे ते मालकपुत्र. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात बंदुका, ब्लँकेटं आणि इतर माल याच पेढीमार्फत बंडखोरांपर्यंत गेला होता. त्यामुळे १७८५ मध्ये ते न्यूयॉर्कला आले तेव्हा उपकारकर्त्याच्या थाटात आले, आणि ते उगीच नव्हतं.

जॉन जे यांची बाजू निराळी. १७८० ते १७८२ अशी दोन-अडीच वर्षं ते माद्रिदमध्ये अमेरिकेचे प्रतिनिधी म्हणून दारात उभे होते. दरबाराने त्यांना औपचारिक मान्यता कधी दिलीच नाही, पैसेही मागितले त्या मानाने अगदी थोडे मिळाले. आणि त्या दिवसांत दरबार आणि जॉन जे यांच्यात मध्यस्थी करणाऱ्यांपैकी एक कोण? हेच गार्दोकी. सप्टेंबर १७८० मध्ये त्यांनी जॉन जे यांना सुचवलं होतं की मदत हवी तर मोबदल्यात मिसिसिपीचा हक्क सोडा. म्हणजे १७८५ मध्ये दोघं नव्याने भेटले नव्हते. तोच विषय, तीच माणसं, फक्त शहर बदललेलं. पहिल्या पत्रातलं सौजन्य हे दोन जुन्या खेळाडूंचं आहे हे लक्षात असू द्या.

तिसरी पायरी: कुणाच्या खिशात काय होतं ते शोधा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि नेमकी हीच लोक गाळतात. दूताचं पत्र वाचण्याआधी त्याला घरून काय सांगून पाठवलंय ते वाचायचं. त्याला काय द्यायची मुभा आहे, कशावर हटायचं नाही, आणि कुठे पुन्हा विचारून घ्यायचं आहे.

ऑगस्ट १७८५ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी राज्यांच्या प्रतिनिधींच्या सभेने, जॉन जे यांना बजावलं की नदीतून समुद्रापर्यंत जाण्याचा हक्क मान्य झाल्याशिवाय करार करायचा नाही. तिकडे गार्दोकींनाही हुकूम होता की नदीवर तडजोड नाही, हद्दीच्या बाबतीत मात्र थोडंफार पुढे-मागे होता येईल. आता हे दोन कागद शेजारी ठेवा. दोघं चार वर्षं ज्या गोष्टीवर बोलत राहिले ती देण्याचा किंवा सोडण्याचा अधिकार दोघांपैकी एकालाही नव्हता! हे एकदा कळलं की पत्रांचा अर्थच बदलतो. ती एकमेकांना पटवण्यासाठी लिहिलेली राहत नाहीत. आपापल्या मालकांनी सूचना बदलाव्यात म्हणून लिहिलेली वाटू लागतात.

याच पायरीत दर्जाही बघून घ्या. गार्दोकींचा हुद्दा राजदूताचा नव्हता, कारभारी दूताचा होता. पण करार करण्याचे पूर्ण अधिकार देणारं पत्र त्यांच्याकडे वेगळं होतं. अशा माणसाला भेटवायचं कसं, कोणत्या मानाने, यावर नव्या प्रजासत्ताकाला बराच खल करावा लागला. जुलै १७८५च्या सुरुवातीला त्यांनी काँग्रेससमोर आपली पत्रं सादर केली. हा सगळा मानपानाचा मजकूर वाचताना जांभई येते, पण पूर्ण टाळू नका. कोण कुणाला किती लेखतो याचा हिशेब त्यात असतो.

चौथी पायरी: कागद कुठे मिळतील

सुरुवात ‘फाउंडर्स ऑनलाइन’पासून करा. वॉशिंग्टन, जेफरसन, मॅडिसन, फ्रँकलिन, जॉन जे वगैरेंची पत्रं टिपांसह तिथे आहेत आणि शोधता येतात. काँग्रेसच्या कामकाजाच्या छापील नोंदी लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर मिळतील. जॉन जे यांनी काँग्रेसला दिलेले अहवाल आणि त्यांना जोडलेली गार्दोकींची पत्रं तिथे सापडतात. स्पॅनिश बाजूसाठी ‘पारेस’ हे स्पेनच्या सरकारी अभिलेखागारांचं पोर्टल आहे. माद्रिदच्या राष्ट्रीय ऐतिहासिक अभिलेखागारात ‘एस्तादो’ नावाच्या विभागात गार्दोकींचे अहवाल ठेवले आहेत. तिथला कागदांचा गठ्ठा, ज्याला ते ‘लेगाखो’ म्हणतात, तो म्हणजे आपल्या पेशवे दप्तरातला रुमाल समजा: आत काय निघेल ते उघडल्याशिवाय कळत नाही, आणि यादीवर पूर्ण विसंबता येत नाही.

शोधताना नावाचं स्पेलिंग बदलून बघायला विसरू नका. त्या काळचे अमेरिकी लोक गार्दोकींच्या नावात ‘जी’नंतर सर्रास एक ‘यू’ घुसडत. एकाच स्पेलिंगने शोधाल तर बरीचशी पत्रं हाती लागणारच नाहीत. नंतरच्या काळातले दूत इरुखो यांचं आडनाव ‘आय’नेही लिहिलं जातं आणि ‘वाय’नेही.

एक सावधगिरी. जॉन जे यांच्या माद्रिदमधल्या दिवसांची पत्रं वाचायची असतील तर जॅरेड स्पार्क्स यांनी १८२९-३० मध्ये छापलेल्या, अमेरिकी क्रांतीच्या काळातल्या परराष्ट्रीय पत्रव्यवहाराच्या बारा खंडांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. त्यांनी मजकूर गाळला, भाषा ‘सुधारली’. म्हणूनच पुढे १८८९ मध्ये फ्रान्सिस व्हार्टन यांनी सहा खंडांत तो संग्रह नव्याने काढला. छापील आहे म्हणजे जसंच्या तसं आहे, असं धरायचं नाही.

पाचवी पायरी: तारखांची वही

एक साधी वही करा. प्रत्येक पत्रापुढे तीन तारखा लिहा: लिहिल्याची, पोचल्याची आणि काँग्रेससमोर वाचल्याची. दोन्ही देशांत तेव्हा एकच दिनदर्शिका चालत होती, त्यामुळे तिथी जुळवण्याची कटकट नाही. कटकट आहे ती अटलांटिकची. माद्रिदहून उत्तर यायला कित्येक महिने लागत. जहाज बुडालं किंवा पकडलं गेलं तर पंचाईत नको म्हणून एकाच पत्राच्या दोन-तीन प्रती वेगवेगळ्या जहाजांनी पाठवत, आणि नाजूक मजकूर आकड्यांच्या गुप्त लिपीत घालत. त्यामुळे एकच पत्र दोन ठिकाणी दोन वेगळी पत्रं म्हणून नोंदलेलं दिसू शकतं.

न्यूयॉर्कमधल्या न्यूयॉर्कमध्ये मात्र उलटं. गार्दोकी आणि जॉन जे एकाच शहरात राहायचे, भेटायचे, एकमेकांच्या मेजवान्यांत असायचे. बहुतेक बोलणं तोंडीच व्हायचं. मग पत्र केव्हा लिहिलं जायचं? तोंडी बोलणं अडलं की, किंवा आपण काय म्हणालो त्याची नोंद हवी झाली की. म्हणून वहीत जिथे महिनोन्महिने पत्र नाही तिथे ‘काही घडलं नाही’ असं लिहू नका, आणि जिथे अचानक लांबलचक पत्र येतं तिथे खूण करा.

अशी ठळक खूण पडते २५ मे १७८६ला. त्या दिवशीच्या पत्रात गार्दोकी वाटाघाटी लांबल्याबद्दल अधीर झाले आहेत, आणि राजेसाहेब आपल्या मालकीच्या दोन काठांमधून कुठल्याही राष्ट्राला नावा नेऊ देणार नाहीत, हे ते लेखी घालतात. हे ते तोंडी आधीही सांगत होतेच. मग लेखी का? वहीतली पुढची नोंद बघा. चारच दिवसांनी, २९ मेला, जॉन जे काँग्रेसला लिहितात की या कराराच्या बाबतीत मला मार्गदर्शन करायला एक समिती नेमा. माझा तर्क असा की त्या पत्राचा खरा वाचक काँग्रेस होती. जॉन जे यांना सूचना सैल करून हव्या होत्या आणि त्यासाठी स्पेनचा नकार कागदावर असणं त्यांना सोयीचं होतं. तर्क आहे, पुरावा नव्हे. पण तारखा शेजारी मांडल्याशिवाय तो सुचलाही नसता.

सहावी पायरी: तोच माणूस घरी काय लिहितो

इथे खरी मजा येते. पेशव्यांच्या वकिलांची पत्रं वाचलेल्यांना ठाऊक असतं की दरबारात बोललेलं एक आणि पुण्याला कळवलेलं दुसरं. गार्दोकींचंही तसंच.

न्यूयॉर्कमध्ये ते जॉन जे यांना आदराने संबोधतात. माद्रिदला परराष्ट्रमंत्री फ्लोरिदाब्लांका यांना मात्र कळवतात की हा गृहस्थ आत्मकेंद्री आहे, त्याची बायको त्याच्या या स्वभावाला खतपाणी घालते, त्याचा तिच्यावर आंधळा जीव आहे आणि तिच्या शब्दाबाहेर तो नाही. तेव्हा तिला सांभाळून घेतलं आणि वेळेवर चार भेटी दिल्या की काम होईल. पन्नाशीचे गार्दोकी पुढे हेही सांगतात की या वयात मी बाईसाहेबांना नाचाच्या समारंभांना घेऊन जातो, कारण त्यांना ते आवडतं.

नवखा वाचक हे वाचून लगेच म्हणेल, सापडलं सत्य! थांबा. हा मजकूर खर्चाची मंजुरी मागणाऱ्या नोकराचा आहे. मेजवान्या, भेटी, नाच यांवर पैसा का जातोय हे वरिष्ठांना पटवायचं असेल तर ‘बाईंमार्फत काम होतंय’ यापेक्षा चांगलं कारण कोणतं? सेरा लिव्हिंग्स्टन जे या न्यूयॉर्कच्या समाजात वजन असलेल्या, माद्रिद आणि पॅरिस पाहून आलेल्या बाई होत्या. त्यांची ओळख एका खर्चाच्या अहवालावरून करून घेऊ नका. खासगी कागद खरा आणि सरकारी खोटा, असा नियम नाही. दोन्ही कुणाला तरी काहीतरी पटवायलाच लिहिलेले असतात.

भेटींची बाब मात्र कागदोपत्री पक्की आहे. जॉन जे यांना स्पेनहून एक घोडा आणवायचा होता. स्पेनमधून घोडे बाहेर न्यायला परवानगी लागे. राजाने घोडा भेटच देऊन टाकला. परक्या राजाकडून भेट घ्यायला अमेरिकी अधिकाऱ्यांना तेव्हाच्या घटनापत्रात मनाई होती, म्हणून जॉन जे यांनी काँग्रेसला विचारलं आणि मार्च १७८६ मध्ये त्यांना मुभा मिळाली. वॉशिंग्टन यांना त्याआधीच, १७८५ मध्ये, राजाकडून पैदाशीचा गाढव मिळाला होता, ज्याचं नाव त्यांनी ‘शाही भेट’ असंच ठेवलं. नोव्हेंबर १७८७ मध्ये गार्दोकींनी त्यांना दॉन किहोतेची स्पॅनिश प्रत पाठवली. वॉशिंग्टन आणि गार्दोकी यांची ही पत्रं छोटी, रसाळ आणि सरावाला उत्तम आहेत.

सातवी पायरी: तिसऱ्याचं ऐका

दोघांच्या पत्रांत जे नाही ते बाजूला उभ्या असलेल्यांच्या पत्रांत असतं. ३ ऑगस्ट १७८६ला जॉन जे काँग्रेससमोर उभे राहिले आणि त्यांनी तोडगा मांडला: पंचवीस-तीस वर्षांचा व्यापारी करार करावा आणि तेवढ्या मुदतीत, हक्क न सोडता, नदीच्या खालच्या भागाचा वापर थांबवावा. बदल्यात स्पेनशी खुला व्यापार मिळणार होता, आणि स्पेनचं आरमार डोलकाठ्या आणि लाकूड रोख चांदी देऊन अमेरिकेतून घेणार होतं. तंबाखू मात्र वगळलेली. डोलकाठ्या आणि मासळी विकणारी उत्तरेकडची राज्यं खूश. तंबाखू पिकवणारी आणि पश्चिमेला जमिनींवर डोळा असलेली दक्षिणेकडची राज्यं संतप्त.

हा संताप जॉन जे यांच्या कागदांत फारसा दिसत नाही. तो पाहायचा तर काँग्रेसमधले व्हर्जिनियाचे प्रतिनिधी जेम्स मन्रो यांनी १२ ऑगस्टला तिथले गव्हर्नर पॅट्रिक हेन्री यांना लिहिलेलं पत्र उघडा. त्यात जॉन जे यांच्या हेतूंवरच संशय आहे आणि उत्तरेकडचे लोक देश फोडायच्या बेतात आहेत इथवर मजल गेली आहे. २९ ऑगस्टला मतदान झालं. सात राज्यं सूचना सैल करायच्या बाजूने, पाच विरोधात. मेरीलँडपासून जॉर्जियापर्यंतची सगळी दक्षिण एकीकडे. डेलावेअर हजर नव्हतं. सूचना बदलल्या खऱ्या, पण करार मंजूर व्हायला नऊ राज्यं लागत. सातांच्या जोरावर सही करून आणलेला कागद पुढे नापास होणार हे सगळ्यांना दिसत होतं. त्यानंतरची गार्दोकी आणि जॉन जे यांची भेटीगाठींची चर्चा वाचताना हा ‘नऊ’चा आकडा डोक्यात ठेवा.

मार्च १७८७ मध्ये मॅडिसन गार्दोकींना भेटले, त्याची टिपणं त्यांनी ठेवली आहेत; तीही वाचा. केंटकी आणि टेनेसीकडच्या पुढाऱ्यांशी स्पेनची जी कुजबूज चालली होती तो विषय स्वतंत्र आहे. जेम्स विल्किन्सन यांच्या न्यू ऑर्लिन्सच्या फेऱ्यांत शिरलात तर बाहेर यायला वर्ष लागेल. पहिल्या फेरीत टाळा.

पुढे काय वाचावं

सप्टेंबर १७८८ मध्ये काँग्रेसने नदीचा हक्क ठामपणे आपला असल्याचं जाहीर केलं आणि प्रकरण येऊ घातलेल्या नव्या सरकारवर सोपवलं. ३० एप्रिल १७८९ला वॉशिंग्टन यांच्या शपथविधीला गार्दोकी हजर होते. त्याच वर्षी ते मायदेशी परतले. करार झाला तो १७९५ मध्ये, स्पेनमधल्या सान लोरेन्सोला, अमेरिकेचे दूत थॉमस पिंक्नी आणि स्पेनचे मंत्री गोदोय यांच्यात. त्यात हद्द ३१ अंशांवर आली आणि नदीही खुली झाली. मधल्या काळात, १७९३ मध्ये, माद्रिदला अमेरिकी प्रतिनिधींसमोर बोलणीला बसवलेला माणूस पुन्हा गार्दोकीच होता, हे वहीत नोंदवून ठेवा. १७८०, १७८५ आणि १७९३ अशा तीन वेळच्या त्यांच्या भूमिका शेजारी ठेवून वाचण्याजोग्या आहेत.

हा सराव झाला की दोन वाटा आहेत. सोपी वाट: जेफरसन परराष्ट्र सचिव असताना व्हियार आणि हाऊदेनेस या स्पॅनिश प्रतिनिधींनी त्यांना लिहिलेली पत्रं. ती आखूड आहेत, आणि मूळ स्पॅनिश वाचायला शिकायचं असेल तर बरी. अवघड वाट: स्पेनचे दूत लुइस दे ओनिस आणि अमेरिकेचे परराष्ट्र सचिव जॉन क्विन्सी ॲडम्स, १८१७ ते १८१९. इथे पत्रं चाळीस-पन्नास वर्षांचा इतिहास उगाळत लांबत जातात, पण ॲडम्स यांची रोजनिशी मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीने ऑनलाइन ठेवलेली असल्यामुळे प्रत्येक पत्रामागचा वैताग त्याच दिवशीच्या नोंदीत सापडतो. तिथे पहिला सराव म्हणून फ्लोरिडातल्या जमिनींचं प्रकरण घ्या. फ्लोरिडा अमेरिकेला देणाऱ्या १८१९च्या तहात २४ जानेवारी १८१८ नंतरची जमीनदानं रद्द धरली होती. सह्या झाल्यावर लक्षात आलं की राजाने मर्जीतल्या सरदारांना दिलेल्या प्रचंड जमिनींची काही दानपत्रं त्याआधीच्या तारखेची आहेत. ती दानं नाव घेऊन रद्द करवून मंजुरीच्या कागदांची अदलाबदल व्हायला २२ फेब्रुवारी १८२१ उजाडला, म्हणजे सह्यांनंतर बरोबर दोन वर्षं. आलागोन, पुन्योन्रोस्त्रो आणि व्हार्गास ही तीन नावं वहीत लिहा, प्रत्येकासमोर दानपत्राची तारीख टाका, आणि मग ओनिस यांची १८१८-१९च्या हिवाळ्यातली पत्रं काढून वाचायला बसा.